नाव कुणी ठेवायचं?

प्रश्न : आम्ही शाळेत असताना 'हरिजन' हा आदराचा शब्द म्हणून शिकलो. पुढे 'दलित' म्हणू लागलो. आता सरकारी कागदावर 'अनुसूचित जाती' असतं, आणि 'दलित' म्हणू नका असंही कानावर येतं. अपंग, विकलांग, दिव्यांग यांचंही तेच. शब्द असे सारखे का बदलावे लागतात? आणि अमुक शब्द मानाचा, तमुक अपमानाचा, हे ठरवतं कोण?

उत्तर : आधी तुमचा दुसरा प्रश्न घेऊ. पहिल्याचं उत्तर त्याच्याच पोटात आहे.

जानेवारी १९३८. मुंबई प्रांताच्या विधानसभेत लोकल बोर्ड कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक चर्चेला आलं होतं. सरकार काँग्रेसचं, प्रमुख बाळासाहेब खेर. विधेयकात अस्पृश्य समाजासाठी 'हरिजन' हा शब्द योजला होता. नाशिकचे भाऊराव गायकवाड, ज्यांना पुढे सगळा महाराष्ट्र दादासाहेब म्हणून ओळखू लागला, उभे राहिले आणि हा शब्द आम्हाला मान्य नाही म्हणाले. आम्ही देवाची माणसं, तर मग बाकीचे कुणाचे, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. डॉ. आंबेडकरांनी त्यांची बाजू उचलून धरली. ज्यांना हे नाव द्यायचं तेच नको म्हणत आहेत, तर त्यांचं ऐका, एवढीच मागणी होती. सरकारने बहुमताच्या जोरावर शब्द कायम ठेवला. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे सदस्य सभागृह सोडून बाहेर पडले.

लोकल बोर्डाच्या कायद्यात कुणाला प्रतिनिधित्व किती, हा तेव्हाचा व्यवहाराचा मुद्दा कधीच मागे पडला. पण एका समाजाला त्याच्या देखत, त्याच्या विरोधाला न जुमानता नाव दिलं गेलं, ही गोष्ट आजही ताजी वाटते. म्हणून आदराची भाषा म्हणजे काय असं कुणी विचारलं की मला आधी हा सभात्याग आठवतो.

गांधीजींचा हेतू अपमानाचा नव्हता, हे स्पष्ट सांगायला हवं. १९३२च्या पुणे करारानंतर त्यांनी 'हरिजन' हा शब्द मनापासून रुजवला. फेब्रुवारी १९३३ मध्ये पुण्यातून 'हरिजन' साप्ताहिक सुरू झालं, तेव्हा ते स्वतः येरवड्याच्या तुरुंगात होते. शब्द आपल्याला एका अस्पृश्य बांधवानेच सुचवल्याचं त्यांनी सांगितलं होतं, आणि नरसी मेहतांच्या भक्तिपरंपरेचा त्याला आधार होता. मग बिनसलं कुठे? पाच-सहा वर्षांपूर्वी, १९२७ साली, महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायलं म्हणून याच समाजाने मार खाल्ला होता. १९३० पासून नाशिकला काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह चालू होता आणि त्याची धुरा गायकवाडांच्याच खांद्यावर होती. ही माणसं तळं मागत होती, देवळाचा दरवाजा मागत होती, कायदेमंडळातल्या जागा मागत होती. त्यांना नाव मिळालं. तेही असं, की ऐकणाऱ्याच्या मनात दया उपजावी, पण अन्याय कुणी केला याची आठवण होऊ नये.

त्यांनी स्वतःसाठी काय नावं निवडली होती ते बघा. आंबेडकरांनी १९२४ मध्ये काढलेल्या संस्थेचं नाव 'बहिष्कृत हितकारिणी सभा', १९२७च्या वृत्तपत्राचं नाव 'बहिष्कृत भारत'. बहिष्कृत म्हटलं की बहिष्कार घालणारा कोण, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. 'दलित' या शब्दातही तीच धग आहे. १९७२ मध्ये नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईत 'दलित पँथर' उभी केली तेव्हा हा शब्द कुणी दुसऱ्याने चिकटवलेला नव्हता, त्यांनीच तो ताठ मानेने पुढे केला. पुढच्या वर्षीच्या जाहीरनाम्यात तर त्यांनी भूमिहीन, कामगार, स्त्रिया, आदिवासी या सगळ्यांना त्यात सामावून घेतलं. ज्या शब्दाने मान खाली जावी अशी इतरांची अपेक्षा, त्यानेच मान वर करून दाखवली.

आता तुमची खरी अडचण. मार्च २०१८ मध्ये केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने सरकारी कामकाजात 'दलित' ऐवजी 'अनुसूचित जाती' लिहावं असं कळवलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे विषय गेला आणि त्यानंतर ऑगस्टमध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने वाहिन्यांनाही तसं सुचवलं. त्यावर समाजातून एकच सूर उमटला नाही. आमचा लढा ज्या शब्दाने ओळखला जातो तो आमच्याकडून काढून घेऊ नका, असं अनेक लेखक-कार्यकर्त्यांनी ठणकावलं. दुसऱ्या बाजूला, १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात धम्मदीक्षा घेतलेल्या पिढीच्या कितीतरी नातवंडांना 'दलित' नकोच आहे. आम्ही बौद्ध आहोत, ती जुनी जखम आमचं नाव म्हणून का वागवायची, असा त्यांचा प्रश्न आहे. दोन्ही बाजू मला प्रामाणिक वाटतात. सरकारी कागदावर राज्यघटनेतला शब्द हवा यात वाद नाही. वर्तमानपत्राला, लेखकाला, सभेतल्या वक्त्याला तेच बंधन घालणं मात्र चूक आहे, आणि सरसकट बंदी योग्यही नाही, शक्यही नाही, असं प्रेस कौन्सिलनेही त्याच वर्षी सांगितलं. राहिला तुमच्या समोरचा माणूस. तो स्वतःला जे म्हणवतो ते म्हणा. आणि बहुतेक वेळा त्याला काहीच 'म्हणावं' लागत नाही. तो शिक्षक असतो, वायरमन असतो, तुमचा शेजारी असतो. जात सांगण्याचं कारण नसताना ती सांगितली, तर शब्द कितीही शुद्ध असला तरी बोचतोच.

'दिव्यांग' बद्दल माझं मत थोडं कडक आहे. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात' मध्ये हा शब्द सुचवला आणि बघता बघता खात्यांची, प्रमाणपत्रांची नावं बदलली. हेतू चांगला असणार. पण चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला तहसील कचेरीच्या पायऱ्या चढता येत नसतील, तर त्याच्या शरीरात काही दिव्य आहे असं सांगून पायऱ्या कमी होत नाहीत. 'हरिजन' ची वाट आणि ही वाट मला एकच दिसते : वरून, प्रेमाने, न विचारता. याउलट २०१६चा अपंग हक्क कायदा बघा. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, ते एकवीस झाले. सरकारी नोकऱ्यांतलं आरक्षण तीनवरून चार टक्क्यांवर गेलं. हे बदल माणसाच्या आयुष्यात उतरतात. तरीही एखादा तरुण स्वतःची ओळख 'मी दिव्यांग आहे' अशी करून देत असेल, तर माझं मत मी माझ्यापाशी ठेवीन आणि त्याला दिव्यांगच म्हणेन. नाव त्याचं आहे.

तर मग शब्द का बदलतात? भांडं घासलं नाही आणि फक्त झाकण नवं आणलं, तर चार दिवसांत त्या झाकणालाही तोच वास लागतो. 'मतिमंद' हा शब्द एके काळी टोचू नये म्हणून योजला होता. शाळेच्या मैदानावर त्याची शिवी व्हायला वेळ लागला नाही. पण याला दुसरी बाजू आहे आणि ती आशेची आहे. शब्द बदलायला लागणं ही बऱ्याचदा ज्यांच्याबद्दल बोललं जात होतं त्यांनीच आता बोलायला सुरुवात केल्याची खूण असते. पूर्वी त्यांनी तक्रार केली नाही, कारण तक्रार ऐकणारं कुणी नव्हतं. तेव्हा कुणालाच काही खुपत नव्हतं, आता मात्र जो तो दुखावतो, असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. तेव्हाही खुपत होतंच.

उलटं उदाहरणही आहे. बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये वरोऱ्याला संस्था स्थापन केली, तिचं नाव 'महारोगी सेवा समिती'. कुष्ठरोग्याला 'महारोगी' आज कुणी सहज म्हणणार नाही. संस्थेने मात्र ते नाव सोडलं नाही, आणि तिच्या आनंदवनातल्या माणसांनी शेती केली, हातमाग चालवले, संसार थाटले, त्याच नावाच्या पाटीखाली. अपमान खरा कुठे शिल्लक होता? कायद्यात. कुष्ठरोग्यांना डांबून ठेवण्याची मुभा देणारा १८९८चा कायदा थेट २०१६ मध्ये रद्द झाला. नवऱ्याला किंवा बायकोला कुष्ठरोग झाला हे घटस्फोटाचं कारण म्हणून मान्य होतं, ते २०१९ मध्ये गेलं. इतकी वर्षं औषधाने बरा होणारा आजार, आणि कायदा मात्र जुन्याच भीतीत अडकलेला.

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर मला दोन घटना शेजारी शेजारी ठेवून बघाव्याशा वाटतात. एप्रिल २०२३ मध्ये विधवांना 'गंगा भागीरथी' म्हणावं असा विचार राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी खात्यापुढे मांडला. राज्यभरातून स्त्रियांनी विरोध केला आणि असा कुठलाही निर्णय झालेला नाही, असा खुलासा करावा लागला. त्याच्या वर्षभर आधी, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड गावच्या ग्रामसभेने ठराव केला होता : नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं आमच्या गावात बंद. हेरवाडने 'विधवा' या शब्दाला हातही लावला नाही. त्या बाईला जे सोसावं लागतं त्याला हात घातला. पंधरवड्याच्या आत राज्य सरकारने इतर गावांनीही हे करावं असं परिपत्रक काढलं.

पण नुसत्या नावाच्या बदलाला अर्थच नसतो असं मात्र म्हणू नका. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावं काढून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावं द्यायचं ठरवलं. जिने आयुष्यभर शाळेच्या फॉर्मवर, रेशनकार्डावर, नोकरीच्या अर्जावर पत्ता म्हणून स्वतःच्या जातीचा वाडा लिहिला, तिला विचारा की त्या एका ओळीने मुलाखतीच्या खोलीत शिरण्याआधीच काय होत असे. नळाचं पाणी त्या निर्णयाने आलं नाही, हे खरं. ते वेगळं मागायचं आणि मिळेपर्यंत मागत राहायचं.

प्रश्न : जातीच्या दाखल्यावर जो शब्द सरकार स्वतः छापतं, तोच तोंडाने उच्चारला तर गुन्हा कसा? आणि 'हेट स्पीच' म्हणजे नेमकं काय? उद्या परखड बोलणंच बंद होईल अशी भीती वाटते.

उत्तर : गुन्हा शब्दाचा नाही. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९चा. त्याच्या कलम ३ मध्ये, लोकांच्या नजरेसमोर जातीच्या नावाने शिवीगाळ करणं किंवा मानहानीच्या हेतूने अपमान करणं यासाठी सहा महिने ते पाच वर्षं कैद आणि दंड आहे. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका चालकाच्या तक्रारीवर निकाल देताना हेच सांगितलं : जातीचं नाव म्हणून असलेला शब्द आज समोरच्याला हिणवायला वापरला जातो, आणि त्या हेतूने वापरला तर तो गुन्हा आहे. जागेबद्दलही तिथे बारीक विचार झाला. जागा खाजगी असली, पण रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसत-ऐकू येत असेल, जसं घराचं फाटक, तर ती 'लोकांच्या नजरेसमोर' धरली जाते. चार भिंतींच्या आत, बाहेरचं कुणी हजर नसताना झालेलं भांडण या कलमात बसत नाही, असं याच न्यायालयाने २०२०च्या दुसऱ्या एका निकालात म्हटलं. म्हणजे कायदा बघतो तो चारचौघांत केलेला पाणउतारा. अपंग हक्क कायद्याच्या कलम ९२ मध्येही हीच रचना आणि हीच शिक्षा आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. वर्गात मुलाच्या व्यंगावरून त्याला सर्वांदेखत मुद्दाम हिणवणाऱ्याने हे कलम एकदा वाचावं.

'हेट स्पीच' ची व्याख्या आपल्या कायद्यात अजून नाही. विधी आयोगाने मार्च २०१७च्या २६७व्या अहवालात स्वतंत्र कलमं सुचवली होती, ती कायद्यात आली नाहीत. सध्या काम भागवलं जातं ते भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ सारख्या तरतुदींवर. जुन्या दंडसंहितेचं १५३-अ ते हेच : धर्म, जात, भाषा, प्रदेश यांवरून गटागटांत शत्रुत्व पसरवणं. ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली, उत्तर प्रदेश आणि उत्तराखंडच्या पोलिसांना सांगितलं की तक्रारीची वाट न बघता स्वतःहून गुन्हा नोंदवा. पुढच्या एप्रिलमध्ये तो आदेश सर्व राज्यांना लागू केला. अंमल किती होतो ते आपण रोज बघतो. व्यासपीठावरून एका अख्ख्या समाजाच्या दुकानांवर बहिष्कार घाला म्हणणारा मोकळा फिरतो आणि एखादा मजकूर पुढे पाठवणारा कॉलेजातला पोरगा आत जातो, तेव्हा कायदा दुबळ्यावरच चालतो असं वाटून जीव तुटतो.

परखड बोलण्याची तुमची भीती मला समजते, पण रेघ इतकी पुसट नाही. २५ डिसेंबर १९२७ला महाडला मनुस्मृती जाळली गेली. कोट्यवधी लोकांच्या भावना दुखावणारी कृती होती ती. तिच्यात द्वेष नव्हता. ती एका ग्रंथातल्या व्यवस्थेवर होती आणि कुणालाही गावाबाहेर काढा असं ती म्हणत नव्हती. जोतीराव फुल्यांची भाषा आज वाचतानाही भाजते, पण तिचा मारा वर बसलेल्यांच्या सत्तेवर आहे. रूढीवर, धर्मातल्या प्रथेवर, मंत्र्यावर, पक्षावर, न्यायालयाच्या निकालावर हवं तेवढं तिखट बोला. 'हे लोक' असेच असतात, त्यांना घर देऊ नका, त्यांच्याकडून भाजी घेऊ नका, ही भाषा सुरू झाली की ती टीका उरत नाही. तिच्यामागून दगड येतात, हे आपल्या शहरांनी अनेकदा पाहिलं आहे. पोलिटिकल करेक्टनेस म्हणून कुणी कंटाळून हात झटकतो तेव्हा त्याला एवढंच विचारा, की आदराने बोलायचं ठरवल्यामुळे त्याचा नेमका कोणता विचार मांडायचा राहून गेला.

प्रश्न : आमच्या सोसायटीत झाडलोट करणाऱ्या काकांना माझा बारा वर्षांचा मुलगा 'ए, इकडे ये' म्हणतो. तो शिवी देत नाही, जातीचा शब्द वापरत नाही. तरी मला ते फार लागतं. मी उगाच बाऊ करते आहे का?

उत्तर : नाही. मुळावर बोट ठेवलंत तुम्ही. मराठीत मान-अपमान नामापेक्षा क्रियापदात जास्त असतो. 'ये' आणि 'या' यांत एका स्वराचं अंतर, पण गावगाड्याने शतकानुशतकं त्याच अंतरात माणसाची पायरी दाखवून दिली. वाड्यातलं शेंबडं पोर गावकुसाबाहेरच्या म्हाताऱ्याला एकेरीत हाक मारी, तीही नाव तोडून : रामाचा राम्या, सखारामाचा सख्या. म्हाताऱ्याने उत्तरात 'जी' म्हणायचं आणि वाटेत कुणी भेटलं तर वाकून 'जोहार' घालायचा. यात एकही शिवी नाही, म्हणून कुठल्याही कायद्याच्या कलमात ते कधी सापडलं नाही. दलित आत्मकथनं ज्यांनी वाचली त्यांना माहीत आहे की बापाला झालेला मार जितका लक्षात राहतो तितकीच बापाला मारलेली एकेरी हाकही राहते.

हा जोहार संपला कसा, तेही तुमच्या मुलाला सांगा. सरकारने बंदी घातली नव्हती. माणसांनीच तो टाकला आणि एकमेकांना 'जय भीम' म्हणायला लागली. कामठीच्या बाबू हरदास यांनी तो नमस्कार रुजवला, वयाच्या पस्तिशीतच १९३९ला ते गेले. कंबरेत न वाकता, एकमेकांच्या डोळ्यांत बघून करायचा तो नमस्कार होता.

गोड हाकांची मात्र काळजी घ्या. घरकाम करणाऱ्या बाईंना 'मावशी' म्हणायचं आणि तिचा कप वेगळा ठेवायचा, असं आपल्याकडे सर्रास चालतं. 'मावशी' म्हटल्याने पगारी सुट्टी मागायची तिची जागाही जाते, कारण घरच्या माणसाने का सुट्टी मागायची! महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला तेव्हा तिला 'कामगार' म्हटलं. त्या नावाबरोबर नोंदणी आली, हक्काची भाषा आली. मावशी जरूर म्हणा, पण आधी कप एक करा.

मुलाला रागावू नका, त्याने ती रीत कुणाकडून तरी उचलली आहे. बिल्डिंगमधले मोठे लोक त्या काकांना कशी हाक मारतात ते आठवडाभर नीट ऐका, आणि घरात नवऱ्याची, सासऱ्यांची भाषाही. मग मुलाला काकांकडे पाठवून त्यांचं पूर्ण नाव विचारायला सांगा, आडनावासाठी अडून न बसता, ते सांगतील तेवढंच. आणि त्यांना काय म्हटलेलं आवडेल तेही विचारू द्या. काका म्हणाले की दादा म्ह‍णत जा, तर दादा.